ओव्हाळ डॉक्टर आणि अकरा वर्षांचं पथ्य

मीरा आणि नील, गेल्या महिन्याभरात तुम्ही दोघांनी मला फोनवर चार बातम्या पाठवल्यात. सवयीप्रमाणे मी त्या तारखेनुसार लावून वाचल्या. पहिलीत अंडी वाईट होती, दुसरीत चांगली. तिसरीत कॉफीने आयुष्य वाढत होतं आणि चौथीत हळदीने सगळंच बरं होत होतं. खाली मीराने लिहिलं होतं, "आजी, यातलं नक्की काय मानायचं?"

मी डॉक्टर नाही. मी अंबरनाथच्या एका रासायनिक कारखान्यातली ग्रंथपाल. पण हाच प्रश्न घेऊन लोक ज्यांच्याकडे जायचे, त्या माणसाला मी सतरा-अठरा वर्षं जवळून पाहिलं. तुमच्या आजोबांचं जठर शेवटपर्यंत शाबूत राहिलं ते त्यांच्यामुळे. तुमच्या बाबाला ते आठवतील, पण त्याला आठवेल तो त्यांच्या लूना गाडीचा आवाज. म्हणून मीच लिहिते.

ओव्हाळ डॉक्टरांचा दवाखाना अंबरनाथ पूर्वेला, आमच्या क्वार्टर्सपासून चालत दहा मिनिटांवर होता. दोन खोल्या. बाहेर दोन बाकं, आत टेबल, तपासायचा पलंग आणि खिडकीत बुद्धाची वीतभर मूर्ती. टेबलावर स्टेथोस्कोपच्या शेजारी शिंप्याकडे असते तसली मोठी कात्री. नवीन पेशंट ती बघून जरा सरकून बसायचा. ती वर्तमानपत्रं कापायची होती. मराठी दोन, इंग्रजी एक आणि औषध कंपन्यांचे लोक जी चकचकीत पत्रकं देऊन जात ती, असं सगळं ते दुपारी पेशंट नसताना वाचत. नव्या औषधाची, नव्या शोधाची बातमी दिसली की कापत, मागे तारीख टाकत आणि पत्र्याच्या एका बिस्किटाच्या डब्यात ठेवत. डब्यावर लाल शाईने लिहिलं होतं, "थांबा".

मी एकदा विचारलं, की बातमी ठेवायचीच आहे तर फाइल का नाही? मला फायलींचं प्रेम. ते म्हणाले, "फाइल म्हणजे काम झालं असं वाटतं. डब्यातलं मुरायचं असतं."

अंगाने बारीक, उंच, कायम पांढरा बुशशर्ट. विचार करताना चष्मा काढून प्रिस्क्रिप्शनच्या कागदाने पुसायचे. कागदाने काच खराब होते असं त्यांच्या बायकोने किती वेळा सांगितलं असेल. पेशंटला "बरं होईल" असं ते कधी म्हणत नसत. "बघू या" म्हणत. पहिल्यांदा येणाऱ्याला हे अपुरं वाटायचं आणि तो दुसऱ्या डॉक्टरकडे जायचा. बरेचसे परत यायचे.

त्यांचं बालपण उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये गेलं. वडील कारखान्यात फिटर, छपन्न साली दीक्षा घेतलेलं घर. कोणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, तपासायचं आणि मग मानायचं, हे वडिलांनी धर्म म्हणूनच शिकवलं, असं ते सांगत. डॉक्टर झाल्यावर मुंबईत राहायची संधी होती. ते अंबरनाथला आले, कारण आई कॅम्प पाचचं घर सोडायला तयार नव्हती.

नव्या औषधाबद्दल त्यांचे तीन प्रश्न ठरलेले असत. किती जणांवर? किती दिवस? आणि ज्यांनी हे औषध घेतलं नाही त्यांचं काय झालं? तिसऱ्यावर त्यांचा जास्त भर. ते म्हणायचे, सर्दीवर काही दिलं तरी आठ दिवसांत बरं वाटतं, आणि काही दिलं नाही तरी आठवड्यात बरं वाटतं. म्हणून न घेतलेल्यांना विचारल्याशिवाय घेतलेल्यांचं कौतुक करू नये.

हे प्रश्न बाकावर बसून बसून लोकांना पाठ झाले होते. एकदा आमच्या कॉलनीत एक माणूस सांधेदुखीवर लोहचुंबकाची कडी विकायला आला. शेजारच्या शिंदेवहिनींनी दारातूनच विचारलं, "किती जणांच्या हातात घातली? आणि ज्यांनी नाही घातली ते काय लंगडतायत का?" त्याने पिशवी उचलली आणि पुढच्या इमारतीत न जाता सरळ गेटबाहेर गेला.

डॉक्टरांचे एक जुने पेशंट होते लछूभाई. कॅम्प तीनमध्ये जीन्स शिवायचा त्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे एका माळ्यावर बारा मशिनं. लछूभाईंना रक्तदाब होता आणि वर्तमानपत्रातल्या आरोग्याच्या पानावर फार श्रद्धा होती. मी आजोबांची औषधं घ्यायला गेले होते तेव्हा ते एक कात्रण घेऊन आले. लसणाच्या गोळ्यांनी रक्तवाहिन्या धुऊन निघतात असं त्यात लिहिलं होतं. रक्तदाबाच्या गोळ्या त्यांनी चार दिवसांपासून बंदच केल्या होत्या.

डॉक्टरांनी कात्रण शांतपणे वाचलं. मग विचारलं, की हे कोणी लिहिलंय? लछूभाई म्हणाले, "डॉक्टरसाब, पेपर में आया है."

"लछूभाई, पेपर में तो ये भी आया था कि तुम्हारे कॅम्प में चौबीस घंटा पानी आएगा. आया?"

बाकावरचे सगळे हसले. लछूभाईही हसले, पण डॉक्टर हसत नव्हते. त्यांनी त्यांचा दाब मोजला, आकडा त्यांनाच वाचायला लावला आणि गोळ्या पुन्हा सुरू केल्या. लसणाबद्दल म्हणाले, की भाजीत भरपूर घाला, माझी ना नाही, पण गोळीच्या जागी नको. नंतर कात्रण मागून घेतलं, मागे तारीख टाकली आणि डब्यात ठेवलं. मला नवल वाटलं. मी म्हटलं, हेसुद्धा ठेवता? ते म्हणाले, "आज हसलो म्हणजे उद्या खरं निघणार नाही असं कुठं आहे?"

त्यांच्या या थांबण्यामागे एक कारण होतं, ते मला पुढे कळलं. डॉक्टर झाल्यावर पहिल्या वर्षा-दोन वर्षांत त्यांच्या आईचे गुडघे दुखायला लागले. तेव्हा दुखण्यावर एक नवी गोळी आली होती, पोटाला त्रास न देणारी. तसं पत्रकावर छापलेलं होतं. त्यांनी उत्साहाने आईला सुरू केली. आई चालायला लागली, शेजारणींना मुलाचं कौतुक सांगायला लागली, आणि तिसऱ्या आठवड्यात तिला रक्ताची उलटी झाली. ती वाचली. पत्रकाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, की ज्यांचं वय जास्त आहे अशांना त्या चाचणीत घेतलंच नव्हतं. "मी वाचलं होतं," ते म्हणाले, "पण पुढची बाजू वाचली होती." त्यानंतर हा डबा आला.

आता तुमच्या आजोबांकडे येते.

आजोबांचं पोट दुखायला लागलं तेव्हा तुमचा बाबा पाचवीत होता. उपाशी पोटी दुखायचं, पहाटे दुखायचं, खाल्लं की थोडं थांबायचं. ओव्हाळ डॉक्टरांनी तपासून अल्सर सांगितला, म्हणजे जठराच्या तोंडाशी पडलेली जखम. त्या काळी सगळे डॉक्टर जे सांगत तेच त्यांनीही सांगितलं. तिखट बंद, आंबट बंद, तळलेलं बंद, दर दोन तासांनी थंड दूध, वेळेवर जेवण आणि डोक्याला ताप करून घ्यायचा नाही. आम्लावरची गोळी. गोळी घेतली की दीड महिन्यात बरं वाटायचं, बंद केली की सहा महिन्यांत पुन्हा सुरू.

आपण कायस्थ प्रभू. तुम्हाला हे कळायचं नाही, पण आपल्या घरात वालाचं बिरडं, सोड्याची म्हणजे सुक्या कोळंबीची खिचडी आणि कुरकुरीत बोंबील म्हणजे नुसतं जेवण नव्हे. अशा घरातला माणूस अकरा वर्षं दूधभात, दुध्याची अळणी भाजी आणि उकडलेला बटाटा यांच्यावर राहिला. त्यांनी तक्रार केली नाही. फक्त शेजारी बोंबील तळत असले की खिडकी लावून घ्यायचे.

त्यांच्या मोठ्या बहिणीला, मालूवन्संना, कारण माहीत होतं. कारण मी. त्या बदलापूरला राहायच्या आणि महिन्यातून एकदा यायच्या. बायको आठ तास बाहेर, नवऱ्याला वेळेवर गरम जेवण नाही, घरात दोघांची धावपळ, म्हणून माणसाच्या पोटात आग पडते, असं त्या भाजी निवडत सांगायच्या. वाईट बोलायच्या नाहीत, हळू आवाजात बोलायच्या. मलाही ते पटायचं. डॉक्टरांनी स्वतःच सांगितलं होतं, की वेळेवर जेवण आणि काळजी नको. मी एकदा नोकरी सोडण्याचं पत्र लिहिलंही होतं. आजोबांनी ते वाचून माझ्या पर्समध्ये परत ठेवलं.

अकराव्या वर्षी त्यांना रक्ताची उलटी झाली. मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. रक्त चढवलं, थांबलं. तिथल्या सर्जननी सांगितलं, की आता वाट पाहण्यात अर्थ नाही. जठराचा खालचा भाग काढायचा आणि आतड्याला नवीन जोड द्यायची. तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली.

मी फाइल घेऊन ओव्हाळ डॉक्टरांकडे गेले. मला वाटलं होतं, ते म्हणतील, बरोबर आहे, करून टाका. त्यांनी सगळे कागद वाचले, चष्मा काढला, पुसला. मग उठून डबा उघडला आणि बराच खालपर्यंत हात घालून एक कात्रण काढलं. ते पिवळं पडलं होतं. जठरात एक नागमोडी जंतू सापडतो आणि अल्सरचं मूळ तो जंतू असावा, अशी परदेशातली बातमी होती. मागे त्यांच्याच अक्षरात तारीख होती. चार वर्षांपूर्वीची.

मी तारीख दोनदा वाचली. मग विचारलं, "डॉक्टर, हे तुमच्याकडे होतं?"

"होतं."

त्यांनी समर्थन केलं नाही, पण कारण सांगितलं. आपल्याकडे हा जंतू पुष्कळांच्या पोटात असणार आणि त्या सगळ्यांना काही अल्सर होत नाही. गर्दीत सापडला म्हणून प्रत्येक माणूस पाकीटमार ठरत नाही. म्हणून ते थांबले होते. मग म्हणाले, "पण थांबायचं म्हणजे अधूनमधून उघडून बघायचं. ते मी केलं नाही. मला आठ दिवस द्या."

इथे माझं काम आलं. आमच्या कारखान्याच्या लायब्ररीत रंग आणि रसायनांची परदेशी मासिकं यायची, आणि जो लेख आमच्याकडे नसेल त्याची प्रत मुंबईच्या मोठ्या ग्रंथालयातून मागवायची सोय होती. चिठ्ठी भरायची, पाठवायची, प्रत पोस्टाने यायची. मॅनेजरसाहेबांनी परवानगी दिली. त्यांचा दमा ओव्हाळ डॉक्टरांच्याच हातात होता. डॉक्टरांनी नावं लिहून दिली, मी चिठ्ठ्या भरल्या, आणि या वेळी पोस्टावर न सोडता रजा टाकून स्वतः जाऊन प्रती घेऊन आले. एकूण सात लेख.

त्या रविवारी आम्ही तिघं आमच्या जेवणाच्या टेबलावर बसलो. आजोबा अशक्त होते, उशीला टेकून होते. डॉक्टर वाचत होते आणि अडलं की मोठ्याने वाचत होते. पुढची बाजू वाचली की पान उलटून मागची, तळटिपांसकट. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यांना पहिल्या तासात मिळाली. ते तिसऱ्यापाशी अडले. चहा झाला, पुन्हा चहा झाला. दुपारी तीनच्या सुमारास एका तक्त्यावर बोट ठेवून ते थांबले.

काही रुग्णांना नुसती आम्लाची गोळी दिली होती, काहींना जंतू मारायची औषधं. दोन्ही गटांच्या जखमा भरल्या होत्या. पण वर्षानंतर परत बोलावलं तेव्हा नुसती गोळी घेतलेल्यांपैकी बहुतेकांना अल्सर परत आला होता. ज्यांच्या पोटातला जंतू गेला होता त्यांच्यातल्या फारच थोड्यांना. आणि असं एकाच ठिकाणी नाही, वेगवेगळ्या देशांत, एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांनी करून पाहिलं होतं.

"प्रधानसाहेब," ते आजोबांना म्हणाले, "तुमचं पोट कापायच्या आधी पंधरा दिवस मला हवेत."

आजोबा म्हणाले, की इतकी वर्षं तुमच्या भरवशावर काढली, अजून पंधरा दिवस काय.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर दवाखाना बंद ठेवून सात लेख घेऊन सर्जनना भेटायला गेले. मीही होते. सर्जन वाईट माणूस नव्हते, पण त्यांनी त्या महिन्यात अशी किती पोटं शिवली असतील. ते हसले आणि म्हणाले, की आता अंबरनाथहून आम्हाला जंतू शिकवायला येणार का? ओव्हाळ डॉक्टरांनी तो तक्ता त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "सर, शिकवायला नाही. चुकत असेन तर दाखवा, मी परत जातो." सर्जननी वाचलं. पुन्हा वाचलं. मग म्हणाले, की दुर्बीण तर घालायचीच आहे, तेव्हा तुकडा काढून बघू. जंतू असेल तर एक महिना देतो. मधे रक्त पडलं तर जबाबदारी कोणाची? ओव्हाळ डॉक्टरांनी समोरचा कागद ओढला आणि ती आपली असल्याचं लिहून खाली सही केली. सर्जननी तो कागद घेतला नाही. परत त्यांच्याकडे सरकवला.

दुर्बिणीने आजोबांच्या जठरातला कणभर तुकडा काढला आणि पिवळ्या द्रवाच्या बाटलीत टाकला. जंतू असेल तर द्रव गुलाबी होतो, असं सांगितलं होतं. आम्ही तिघं बाकावर बसून त्या बाटलीकडे बघत होतो. तासाभराच्या आत ती लग्नातल्या सरबतासारखी गुलाबी झाली. इतक्या वर्षांत आजोबांच्या दुखण्याचा एवढा सुंदर रंग मी पाहिला नव्हता.

पंधरा दिवस तीन तऱ्हेच्या गोळ्या. तोंडाला तांब्याचं भांडं चाटल्यासारखी चव यायची, मळमळायचं. पाचव्या दिवशी सकाळी आजोबा न्हाणीघरातून बाहेर आले ते पांढरे पडूनच. म्हणाले, काळं होतंय. अल्सरच्या माणसाला याचा अर्थ माहीत असतो. आत रक्त वाहतंय. नेमक्या मालूवन्सं आदल्या दिवशी राहायला आल्या होत्या. त्यांनी देवासमोर दिवा लावला आणि मला म्हणाल्या, "चांगली तारीख मिळाली होती, सुधा. तूच कागद वाचत बसलीस."

मी धावत दवाखान्यात गेले. बाकं भरलेली होती. डॉक्टर तसेच उठले, लूना काढली आणि मला मागे बसवलं. मी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं लूनावर बसले ते तेव्हा. घरी येऊन त्यांनी आजोबांची नाडी झोपवून पाहिली, उभं करून पाहिली, दाब दोनदा मोजला. मग न्हाणीघरात जाऊन स्वतः बघून आले. हात धुतले आणि खुर्चीवर बसले. म्हणाले, रक्त नाही, गोळीचा रंग आहे. तीन गोळ्यांतली एक काळा रंग देते. "हे मी आधी सांगायला हवं होतं. कागदात होतं. मी वाचलं होतं आणि सांगायला विसरलो." मग ते वन्संना म्हणाले, की ताई, वहिनींना ओरडायचं असेल तर मला ओरडा.

वन्सं उठल्या. आत जाऊन त्यांनी डॉक्टरांसाठी चहा टाकला. आजोबा भिंतीला टेकले आणि हसायला लागले, ते थांबेचनात. बऱ्याच वर्षांनी त्यांना पोट धरून हसताना पाहिलं.

महिन्याने पुन्हा दुर्बीण घातली. जखम भरली होती आणि या वेळी बाटली पिवळीच राहिली. सर्जननी तारीख रद्द केली. जाताना त्यांनी ओव्हाळ डॉक्टरांना ते सात लेख ठेवून जाता का, असं विचारलं.

तरीही डॉक्टरांनी आम्हाला आनंद करू दिला नाही. वर्ष जाऊ दे म्हणाले. ते वर्ष मी दिवस मोजत काढलं. वर्ष झालं त्या रविवारी मी त्यांना आणि त्यांच्या बायकोला जेवायला बोलावलं, वन्संनाही बोलावलं. वालाचं बिरडं केलं, बोंबील तळले, सोलकढी केली. आजोबांनी पहिला बोंबील उचलला आणि आम्ही सगळे नकळत थांबलो. त्यांनी खाल्ला. दुसरा घेतला. मग वन्संनी हळूच विचारलं, की डॉक्टर, मग तो जंतू आमच्या भावाच्या पोटात शिरला तरी कसा? वेळेवर जेवण नसल्यामुळेच ना?

डॉक्टरांनी ताटातला हात थांबवला. म्हणाले, "नाही ताई. बहुतेक लहानपणी शिरला असणार, तुमच्याच घरात, पाण्यातून किंवा कोणाच्या हातून. वहिनींच्या नोकरीने नाही. मिरचीने नाही. काळजीने दुखणं वाढत असेल, पण मूळ ते नव्हतं. मी अकरा वर्षं प्रधानसाहेबांना चुकीचं सांगत होतो, आणि ते ऐकून तुम्ही वहिनींना बोलत होतात."

मी आमटी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. हातातल्या भरलेल्या बादल्या खाली ठेवल्यावर हात आपोआप वर येतात ना, तसं मला झालं होतं. बाहेर आले तर वन्सं माझ्या पानात बोंबील वाढत होत्या. त्या कधी माफी मागणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या दिवशी मी चार बोंबील खाल्ले.

गोष्ट इथे संपली असती तर ओव्हाळ डॉक्टर चांगले डॉक्टर होते एवढंच मी लिहिलं असतं. पण त्या जेवणानंतर त्यांनी जुने केसपेपर काढले. कपाटावर बांधून ठेवलेले गठ्ठे. अल्सरचं पथ्य ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्यांची यादी केली. त्यात माझी थोडी मदत झाली, कारण गठ्ठ्यांना कसला क्रम नव्हता. मग दर गुरुवारी, दवाखान्याच्या सुट्टीला, ते लूनावर निघत. कॅम्प चार, कॅम्प पाच, बदलापूर गाव, कुळगाव. दार वाजवायचं, बसायचं आणि सांगायचं, की मी तुम्हाला जे सांगितलं होतं ते चुकीचं होतं, आता नवीन कळलंय, तपासून घ्या. काहींचे पत्ते बदलले होते. एका बाईने, इतकी वर्षं नवऱ्याला लोणचं दिलं नाही म्हणून, त्यांच्यासमोरच डोक्याला हात लावला. एका म्हाताऱ्याने त्यांना घराबाहेर काढलं. ते पुढच्या गुरुवारी पुन्हा गेले.

यादीतली नावं खोडली जात होती. एक खोडलं जात नव्हतं. पालेगावचा शेतकरी, भोईर. त्याला बऱ्याच वर्षांपूर्वी ओव्हाळ डॉक्टरांनीच आग्रह करून ऑपरेशनला पाठवलं होतं. अर्धं जठर गेलं. तेव्हापासून त्याला पोटभर जेवता येत नव्हतं, वजन कधी भरलं नाही. डॉक्टर दोन वर्षं त्याच्याकडे जायचं टाळत होते. हे त्यांनीच मला सांगितलं. मी म्हटलं, की त्याचं तर होऊन गेलं, आता सांगून काय उपयोग? ते म्हणाले, "उपयोग आहे की नाही ते त्याने ठरवायचं. आणि त्याच्या मुलीचंही पोट दुखतं असं कानावर आलंय."

आजोबा निवृत्त झाले तेव्हा आम्ही घर शोधत होतो. पालेगावच्या बाजूला भातशेतीत नव्या इमारती उभ्या राहायला लागल्या होत्या, त्यातली एक बघायला आम्ही रिक्षाने गेलो होतो. घर पसंत पडलं नाही. पुढे दोन महिन्यांत आम्ही तुमच्या बाबाकडे पुण्याला आलो आणि नंतर डॉक्टरांची पत्रं आली, पण भेट झाली नाही. त्यामुळे त्या दिवशी पाहिलं तेच शेवटचं.

परत येताना गावातून जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला आणि आमची रिक्षा थांबली. डाव्या हाताला एका अंगणात डॉक्टरांची लूना उभी होती. आजोबा हाक मारणार होते, मी त्यांचा हात धरला. दोरीच्या बाजेवर एक वाळलेला माणूस बसला होता आणि ओव्हाळ डॉक्टर त्याच्यासमोर पायरीवर, खालच्या बाजूला. ते बोलत होते. ऐकू येत नव्हतं, पण मान खाली नव्हती, त्याच्याकडे बघून बोलत होते. भोईरची बायको सूप हातात घेऊन तशीच उभी होती. डॉक्टरांचं बोलणं संपलं. भोईर जमिनीकडे बघत बसला. ट्रॅक्टर बाजूने निघून गेला तरी आमच्या रिक्षावाल्याने गाडी पुढे घेतली नाही.

मग भोईरने घराकडे तोंड करून हाक मारली, "सुमन, भायेर ये गो. डाक्तर आलान. पोट दाखव त्यांना."

दारात पंचविशीची एक मुलगी आली आणि संकोचून तिथेच थांबली. ओव्हाळ डॉक्टर पायरीवरून उठले, चपला काढल्या आणि आत गेले.